गारगोटी खिशात, पत्ता वहीत

नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत असतं. पण ज्यांच्या नावाने ते ओळखलं जातं, त्या स्टीफन हिस्लॉप यांना दगड गोळा करायचा नाद होता, हे किती जणांना ठाऊक आहे? जव्हार-मोखाड्याच्या ट्रेकला जाऊन गारगोट्या शोधणाऱ्यांनी तर हा माणूस ओळखून घ्यायलाच हवा.

पाऊस ओसरला की बाइक जव्हार-मोखाड्याकडे वळतात. दाभोसा धबधबा, जयविलास राजवाडा, सूर्यमाळ असा बेत ठरलेला असतो. फोटो काढून झाले की ग्रुपमधलं कुणीतरी रस्त्याच्या कडेला थांबतं. रस्त्यासाठी कापलेल्या काळ्या कातळात पांढरे ठिपके दिसत असतात. जवळ जाऊन बघावं तर त्यातल्या एखाद्या ठिपक्याच्या जागी पोकळी असते आणि आत काचेसारखे टोकदार स्फटिक. खाली पडलेला एक तुकडा खिशात जातो, घरी आल्यावर पुस्तकांच्या शेल्फवर बसतो. महिन्याभराने पाहुणे विचारतात, कुठला रे हा? उत्तर येतं, तिकडे जव्हार साइडला मिळाला.

बस, इथेच त्या दगडाचं अर्धं मोल गेलेलं असतं. का, ते समजायला आधी हा दगड तिथे आला कसा ते बघू आणि मग पावणेदोनशे वर्षं मागे जाऊ.

जव्हार-मोखाड्याचा डोंगर म्हणजे थंड झालेला लाव्हा, म्हणजेच बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि एकावर एक थर साचत गेले. त्यालाच आपण दख्खनचा पठारी दगड किंवा डेक्कन ट्रॅप म्हणतो. लाव्हा थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या तयार झाल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्यात सिलिका विरघळली आणि या पोकळ्यांच्या भिंतींवर थराथराने बसली. बाहेरचा गुळगुळीत, पट्ट्यापट्ट्यांचा थर झाला तो अकीक. आत मोकळी जागा उरली तिथे सहा बाजूंचे, टोकदार स्फटिक वाढले, ते क्वार्ट्झ. आपल्याकडे त्याला गार किंवा गारगोटी म्हणतात. याच पोकळ्यांमध्ये स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, अपोफिलाइट अशी मंडळीही मुक्कामाला असतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे काच. गारगोटीची कठीणता मोहस् मोजपट्टीवर ७ आहे, त्यामुळे तिने काचेवर ओरखडा उठतो. स्टिल्बाइटने उठत नाही.

हाच दगड जव्हारपासून निघून पूर्वेकडे पार विदर्भापर्यंत पसरलेला आहे. सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या पुढे नागपूर लागतं. शहराच्या मधोमध उभी असलेली सीताबर्डीची टेकडी याच लाव्ह्याची. तिथून थोडं पुढे गेलं की लाव्हा संपतो आणि त्याच्या खालचे, त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. म्हणजे नागपूर बसलंय ते नेमकं काठावर. अशा काठावरच्या गावात दगडांची आवड असलेला माणूस राहायला आला, तर काय होईल? तेच झालं.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या छोट्या गावात झाला. वडील गवंडीकाम करणारे. म्हणजे दगडाशी घरोबा जन्मापासूनचाच म्हणायचा. थोरला भाऊ रॉबर्ट किडे, फुलपाखरं, झाडं यांच्या मागे रानोमाळ फिरणारा. त्याच्याबरोबर फिरता फिरता स्टीफनलाही हा नाद लागला. पुढे एडिंबरो आणि ग्लासगोला शिक्षण झालं, पण ते धर्मोपदेशक होण्यासाठी. भूगर्भशास्त्राची पदवी वगैरे काही नव्हती. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये १८४३ मध्ये मोठी फूट पडून फ्री चर्च वेगळं झालं होतं. या नव्या चर्चने हिस्लॉप यांना नागपूरला पाठवायचं ठरवलं. पत्नी इरॅस्मासह ते निघाले आणि १३ डिसेंबर १८४४ रोजी मुंबईला उतरले.

तेव्हा मुंबई-नागपूर रेल्वे सोडाच, मुंबई-ठाणे रेल्वेसुद्धा नव्हती. ती सुरू व्हायला १८५३ उजाडलं. सह्याद्री चढून, सगळं पठार ओलांडून हिस्लॉप १८४५ च्या फेब्रुवारीत नागपूरला पोचले. वय २७. गावात भोसल्यांचं राज्य आणि शेजारी कामठीला इंग्रजांची छावणी. हिस्लॉप मराठी शिकले, १८४६ मध्ये त्यांनी शाळा काढली आणि शिकवायला सुरुवात केली.

एक गोष्ट सरळ सांगायला हवी. हिस्लॉप मिशनरी होते आणि धर्मप्रसार हेच त्यांचं मुख्य काम होतं. त्यावरून त्यांचे स्थानिक समाजाशी खटके उडाले, आणि ते उडणारच होते. त्यांच्या त्या कामाबद्दल आज कुणाचं काय मत असेल ते असो. आपल्याला बघायचंय ते काम आटोपल्यावर उरलेल्या वेळात हा माणूस काय करायचा ते.

तो चालायचा. थंडीच्या दिवसांत गावोगाव दौरे असायचे. वाटेत नाला लागला की नाल्याच्या कडा बघायच्या. गावात विहीर खणली जात असेल तर बाहेर काढलेला राडारोडा बघायचा. दगडाची खाण असेल तर खाणीत उतरायचं. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर नावाचे दुसरे मिशनरी येऊन मिळाले. त्यांनाही हाच नाद. मग काय, दोघांची जोडी जमली.

१८५१ मध्ये शहराबाहेर टाकळीकडे फिरताना या जोडीला एक थर सापडला. खाली लाव्हा, वर लाव्हा आणि मध्ये काही फुटांचा वेगळाच, कठीण दगड. त्यात शंख होते. गोड्या पाण्यात राहणाऱ्या फायसा नावाच्या गोगलगायीचे. ही गोगलगाय ओळखायला फार सोपी. बहुतेक गोगलगायींच्या शंखाचं तोंड उजवीकडे उघडतं, हिचं डावीकडे. असे शंख मध्य भारतात त्यांच्याआधी इतरांनाही सापडले होते. मद्रासच्या लष्करातले डॉक्टर माल्कमसन यांनी त्यावर १८३७ मध्येच लिहिलं होतं. पण हिस्लॉप आणि हंटर शंखावर थांबले नाहीत. ते त्याच थराकडे पुन्हा पुन्हा गेले. बिया मिळाल्या, फळं मिळाली, लाकडाचे तुकडे मिळाले, भुंग्यांचे कडक पंखसुद्धा मिळाले. सगळे दगड झालेले.

गंमत बघा, यातल्या बऱ्याच गोष्टी दगड झाल्या त्या सिलिकेमुळे. जी सिलिका जव्हारच्या पोकळीत टोकदार गारगोटी होऊन बसते, तिनेच इथे लाकडाचा कण न् कण भरून काढला. गारगोटी शोधणारा आणि जीवाश्म शोधणारा खरं तर एकाच पदार्थाच्या मागे असतो.

आता प्रश्न असा, की अशा वस्तू गोळा करणारे साहेब त्या काळात काही कमी नव्हते. अनेकांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात दगड मांडलेले असायचे. मग हिस्लॉप यांचं नाव राहिलं आणि त्यांची का गेली?

फरक वहीचा होता. कुठला थर, त्याच्या खाली काय, वर काय, जाडी किती, गाव कुठलं, गावापासून कुठल्या बाजूला, हे हिस्लॉप लिहून ठेवत. नागपूरला ना मोठी लायब्ररी होती, ना तुलना करायला संग्रहालय. स्वतःला जे कळत नाही ते कळणाऱ्याकडे पाठवायचं, हा त्यांनी काढलेला मार्ग. दगडाबरोबर पत्ताही जाई. हंटर आणि हिस्लॉप यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये छापून आला. त्याच वर्षी हंटर प्रकृतीमुळे मायदेशी परतले. हिस्लॉप इथेच राहिले आणि १८६० मध्ये लाव्ह्याच्या थरांमधल्या जीवाश्मांवरचा त्यांचा मोठा निबंध आला.

त्यांनी पाठवलेल्या वस्तूंवर कोणाकोणाची नजर गेली, ते बघा. नागपूरच्या दक्षिणेला मांगली नावाच्या गावाजवळ एक चपटी कवटी मिळाली होती. ती गेली रिचर्ड ओवेन यांच्याकडे. डायनोसॉर हा शब्द ज्यांनी तयार केला, तेच हे ओवेन. त्यांनी ती एका नामशेष उभयचर प्राण्याची असल्याचं ओळखलं आणि १८५५ मध्ये त्याचं नाव ठेवलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. ती कवटी आज लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या खाणींमधून मिळालेल्या पानांचा अभ्यास चार्ल्स बनबरी यांनी केला. त्यात ग्लॉसॉप्टेरिस होतं. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका हे सगळे भूभाग एकेकाळी जोडलेले होते, याचा पुरावा म्हणून पुढे जे झाड जगभर गाजलं, तेच हे. टाकळीचे भुंगे अँड्र्यू मरे यांच्याकडे गेले. तळ्यातल्या एका सूक्ष्म प्राण्याला मुंबईच्या डॉ. कार्टर यांनी १८५८ मध्ये हिस्लोपिया असं नावच देऊन टाकलं.

टाकळीचाच एक हिरवागार खनिज नमुना डब्लिनच्या सॅम्युअल हॉटन यांच्याकडे पोचला. त्यांनी १८५९ मध्ये त्याला हिस्लोपाइट म्हटलं. आणखी एका खनिजाला हंटर यांच्यावरून हंटराइट. ही दोन्ही नावं आज स्वतंत्र खनिजं म्हणून धरली जात नाहीत. हिस्लोपाइट म्हणजे हिरव्या ग्लॉकोनाइटमुळे रंगलेला कॅल्साइट, असं पुढे ठरलं. म्हणजे मान मिळाला आणि गेलाही.

नावाचंच कशाला, हिस्लॉप यांचे काही निष्कर्षही टिकले नाहीत. टाकळीच्या त्या थराखाली जो लाव्हा आहे, तो नंतर खालून आत घुसला असावा, असं त्यांना वाटत होतं. पुढे ब्लॅनफर्ड यांच्यासारख्या भूवैज्ञानिकांनी दाखवून दिलं की तसं नव्हे. आधी एक लाव्हा वाहिला, मग बराच काळ शांतता. त्या काळात तळी साचली, झाडं वाढली, गोगलगायी नांदल्या. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. हिस्लॉप यांनी धरलेला काळही आज थोडा मागे सरकला आहे. डायनोसॉर संपले त्याच्या आसपासचा तो काळ, असं आता मानलं जातं.

पण नंतरच्या लोकांना हे दुरुस्त करता आलं, कारण मूळ नोंद पक्की होती. टाकळीला जाऊन तोच थर पुन्हा बघता येत होता. मत बदलतं, पत्ता बदलत नाही. शेल्फवरच्या जव्हार साइडच्या दगडाचं नेमकं उलट होतं. तो कितीही सुंदर असला तरी त्याच्याकडून पुढे कुणाला काही विचारता येत नाही. परदेशातल्या कितीतरी जुन्या संग्रहांत महाराष्ट्रातले अप्रतिम स्फटिक आहेत, आणि लेबलवर गाव म्हणून फक्त पूना किंवा नुसतं इंडिया. कुठली विहीर, कुठली खाण, कितवा थर? गेलं ते.

हिस्लॉप यांची ही सवय दगडांपुरती नव्हती. दौऱ्यावर त्यांना गोंड वस्त्या लागायच्या. तिथे ते शब्द टिपून घ्यायचे, चालीरीती विचारायचे. गोंडांचा पूर्वज लिंगो याचं भलं मोठं गीत त्यांनी गोंडीतून उतरवून घेतलं. ते वाहून गेलं नाही ते अशा टिपणामुळे. पण ते छापलेलं बघायला हिस्लॉप स्वतः नव्हते.

१८६३ चा सप्टेंबर. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल आणि हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेला बोरीच्या बाजूला गेले होते. तिथून जवळ टाकळघाटला दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत. फार जुन्या काळातल्या लोकांनी मृतांसाठी रचलेली. ती खणून बघायचं काम चाललं होतं. दुपारनंतर टेंपल मुक्कामावर परतले. हिस्लॉप मागे थांबले, गावातल्या शाळेची पाहणी करायला. संध्याकाळी घोड्यावरून ते एकटेच निघाले. वाटेत एक ओढा होता, जाताना सहज ओलांडलेला. मधल्या काळात पाऊस झाला आणि ओढा फुगला. मुक्कामावर पोचला तो नुसता घोडा. लोक मशाली घेऊन शोधायला निघाले तेव्हा हिस्लॉप यांचा देह पाण्यात सापडला. तारीख होती ४ सप्टेंबर. चार दिवसांनी त्यांना ४६ वं वर्ष पूर्ण झालं असतं.

त्यांच्या कागदपत्रांचे गठ्ठे टेंपल यांनी हाती घेतले आणि १८६६ मध्ये मध्य प्रांतातल्या आदिवासींवरचं पुस्तक म्हणून प्रसिद्ध केले. त्यात ते लिंगोचं गीत आहे. नागपूरच्या शाळेचं काम वाढत गेलं आणि १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज सुरू झालं. टाकळघाटला तर शंभर वर्षांनी पुन्हा कुदळ पडली. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी टाकळघाट-खापा इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं आणि विदर्भातल्या लोहयुगाबद्दल बरंच काही नव्याने कळलं.

आता पुन्हा जव्हार-मोखाड्याला येऊ.

तुमच्यापैकी कुणाला हा छंद लागला असेल तर खर्च फारसा नाही. एक वही, पेन्सिल, एक भिंग आणि मोबाइल. दगड उचलण्याआधी तो आहे तिथेच फोटो काढा, शेजारी पेन ठेवून, म्हणजे आकार कळतो. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात, ते लिहा. दगड कातळात होता की खाली पडलेला, पोकळी आडवी होती की उभी, अकीक आधी बसलाय की स्फटिक, हेही लिहा. तारीख टाका. दगडावर छोटा नंबर आणि वहीत तोच नंबर. झालं. घरी येऊन मग बाकी चाचण्या करा. काचेवर ओरखडा उठतो का? लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे येतात का? आले तर ती गारगोटी नव्हे, कॅल्साइट असण्याची शक्यता जास्त.

छिन्नी-हातोडा घेऊन डोंगर फोडायला जाऊ नका. या दोन्ही तालुक्यांत वनजमीन भरपूर आहे आणि राखीव वनात परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. कुणाच्या शेतात किंवा खाणीत जायचं तर मालकाला विचारून. रस्त्याच्या कापलेल्या कड्याखाली पावसानंतर दरड सुटायची भीती असते, तिथे डोकं घालून बसू नका. आणि ओढ्याचं तर हिस्लॉप यांनी जिवानिशी सांगून ठेवलंय. सकाळी घोट्याएवढं पाणी होतं म्हणून संध्याकाळीही तेवढंच असेल, असं धरू नका. आपल्याकडे तर वरच्या पठारावर पडलेला पाऊस खाली ऊन असतानाही ओढा फुगवतो.

शेवटचं आणि कदाचित सगळ्यात महत्त्वाचं. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात बायाबापड्या हंडा घेऊन मैलभर चालतात. त्यामुळे विहिरी खणणं, जुन्या आणखी खोल करणं चालूच असतं. आत उतरून कातळ फोडणाऱ्या माणसाला, मग तो वारली असो, कोकणा असो वा ठाकर, किती फुटांवर मऊ दगड लागला, कुठल्या थरात गारगोट्या निघाल्या, कुठून पाणी फुटलं, हे सगळं तोंडपाठ असतं. बुडबुड्यांचा सच्छिद्र थर कुठे आणि घट्ट कातळ कुठे, यावर पाणी कुठे लागेल हे बरंचसं ठरतं. म्हणजे गारगोटीची नोंद ही पाण्याचीही नोंद होऊ शकते. ती अजून बहुतेक ठिकाणी माणसांच्या डोक्यातच आहे, वहीत नाही.

तर पुढच्या वेळी सूर्यमाळला जाल तेव्हा कुठे विहिरीचं काम चालू दिसलं, तर थांबा. काम करणाऱ्या काकांना रामराम घाला, विचारा आणि ते सांगतील ते त्यांच्या नावासकट, गावासकट लिहून घ्या. मग त्यांनी एखादी गारगोटी हातावर ठेवलीच, तर खुशाल खिशात टाका.